स्टुडिओ कोर्टात, जेसन यूट्यूबवर

१३ ऑक्टोबर २०१७, वार शुक्रवार. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या अमेरिकन हॉरर सिरीजच्या नवीन पिक्चरसाठी पॅरामाउंट स्टुडिओनं ही तारीख अडवून ठेवली होती. त्याआधी मार्च २०१५ झालं, नोव्हेंबर २०१५ झालं, मे २०१६ झालं, जानेवारी २०१७ झालं, प्रत्येक वेळी तेरा तारखेचा शुक्रवार बघून मुहूर्त काढायचा आणि प्रत्येक वेळी पुढं ढकलायचा. शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी पिक्चरच गुंडाळला. पण त्याच शुक्रवारी, १३ ऑक्टोबरलाच, यूट्यूबवर या सिरीजमधला मास्कवाला खुनी जेसन व्हूरहीज आला. फुकट. ना स्टुडिओ, ना थिएटर, ना तिकीट. पिक्चरचं नाव ‘नेव्हर हाईक अलोन’, बनवणारे फॅन, आणि २००९ च्या रीमेकनंतर या सिरीजच्या नावानं जे काही आलं त्यात माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट हीच. २००९ च्या रीमेकपेक्षाही चांगली, पण त्यावरून भांडायला येणाऱ्यांनी आधी दोन्ही लागोपाठ बघा आणि मग या.

तर आजची पोस्ट स्लॅशर, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारतो अशा पिक्चरच्या, फॅन फिल्म्सवर. म्हणजे जेसन, ‘हॅलोवीन’मधला मायकल मायर्स, ‘अ नाईटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मधला स्वप्नात येऊन मारणारा फ्रेडी क्रुगर या मंडळींवर प्रेम असलेल्या लोकांनी स्वतःच्या खिशातून किंवा क्राउडफंडिंग करून, म्हणजे ऑनलाइन वर्गणी काढून, बनवलेले छोटे मोठे पिक्चर. यूट्यूबवर यांचा ढीग पडलाय, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले बहुतेक बघवत नाहीत. आवाज नीट नाही, रात्रीचे सीन इतके काळे की स्क्रीन बंद पडली की काय असं वाटावं, आणि ॲक्टिंग कॉलेजच्या गॅदरिंगमधली. पण मधूनच एखादी अशी सापडते की बघून वाटतं, अरे, या सिरीजमध्ये मुळात भीती कशाची होती हे स्टुडिओपेक्षा याला जास्त कळलंय.

आधी एक प्रश्न. फॅन फिल्म्स सगळ्याच गोष्टींवर बनतात, ‘स्टार वॉर्स’वर बनतात, बॅटमॅनवर बनतात, मग स्लॅशरचंच एवढं काय? मला वाटतं कारण सरळ आहे, ही मंडळी मुळातच गरिबीत जन्माला आलीत. १९७८ चा ‘हॅलोवीन’ घ्या. जॉन कारपेंटरनं तो साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये, वीसेक दिवसांत शूट केला. गोष्ट ऑक्टोबरमधली, इलिनॉयमधल्या गावातली, आणि शूटिंग वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात, साउथ पासाडेनाला. मग पानगळ कुठून आणणार? कागदाची पानं रंगवून आणली, ती रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या गल्लीत परत पसरायची. मायकल मायर्सचा तो भयानक पांढरा चेहरा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरला पण महाग नसलेला मास्क. टॉमी ली वॉलेस यांनी तो आणला, पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले, झालं. पन्नास वर्षं होत आली तरी लोक त्याला घाबरतायत!

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची पण तीच कथा. १९८० चा पहिला पिक्चर साडेपाच लाख डॉलरच्या आसपास झाला, न्यू जर्सीमधल्या नो-बी-बो-स्को नावाच्या एका खऱ्याखुऱ्या बॉय स्काउट कॅम्पमध्ये, आणि एकट्या अमेरिकेत त्यानं जवळपास चार कोटी डॉलर कमावले. त्यात खुनी जेसन नाहीच हे अर्ध्या लोकांना अजून माहीत नसतं, खून करते ती त्याची आई, पामेला. बेट्सी पामर या बाईंनी तो रोल घेतला कारण त्यांना नवीन गाडी घ्यायची होती, हे त्यांनी स्वतःच वेळोवेळी हसत सांगितलंय. जेसन खुनी म्हणून आला दुसऱ्या भागात, डोक्यावर कापडी पिशवी घालून. तो जगप्रसिद्ध हॉकी मास्क आला १९८२ च्या तिसऱ्या भागात, तोही ठरवून नाही, थ्रीडीचं काम बघणारा माणूस हॉकीवेडा होता, त्याच्या सामानात मास्क होता म्हणून!

म्हणजे बघा, एक मास्क, एक जंगल, एक धिप्पाड माणूस जो एक शब्द बोलत नाही. ॲक्टर शोधायची गरज नाही, मास्कमागं कोणीही उभं राहू शकतं, स्वतः डायरेक्टर पण. ‘नेव्हर हाईक अलोन’मध्ये तेच झालंय, व्हिन्सेंटे डिसांती यांनी डायरेक्शनही केलं आणि जेसनही तेच झाले. सुपरहिरोच्या फॅन फिल्ममध्ये सीजीआय स्वस्त दिसलं की मजा गेली, इथं मात्र स्वस्त दिसणं हेच घराण्याचं वळण आहे.

फ्रेडीच्या बाबतीत हे जमत नाही, आणि त्यामुळंच फ्रेडीच्या चांगल्या फॅन फिल्म्स कमी. फ्रेडी बोलतो, टोमणे मारतो, चेहरा जळलेला असला तरी तो चेहरा आहे, आणि त्यामागं मूळ पिक्चरमधले ॲक्टर रॉबर्ट इंग्लंड आहेत. त्यांच्यासारखं चालणं, खांदा तसा पाडणं, ते हसणं, कोण आणणार? मेकअप चुकला तर पिझ्झा दिसतो. तरी क्रिस नोटारिल म्हणून एक जण आहेत, त्यांनी २०११ मध्ये ‘क्रुगर’ नावाची शॉर्ट फिल्म केली, रॉबर्टो लोम्बार्डी त्यात फ्रेडी. इंग्लंडची नक्कल करायच्या भानगडीत न पडता तो माणूस स्वतःचा फ्रेडी करतो आणि म्हणून जमतं. बाकीच्यांनी स्वेटर लालहिरवा घातला, पंजा घातला, हॅट घातली की फ्रेडी झाला असं समजून काम केलंय. तो स्वेटर लालहिरवा का, तर हे दोन रंग शेजारी शेजारी असले की डोळ्याला बघायला त्रास होतो असं फ्रेडीला जन्म देणारे डायरेक्टर वेस क्रेव्हन यांनी वाचलं होतं. इतक्या बारीक विचारातून आलेली गोष्ट तुम्ही ऑनलाइन ऑर्डर करून अंगात घातली म्हणजे भीती पण पार्सलमध्ये येत नाही ना.

आता ‘नेव्हर हाईक अलोन’वर येतो, कारण पोस्ट खरी तिच्यासाठीच लिहायला घेतली.

गोष्ट एवढीच. काइल नावाचा मुलगा, एकटा ट्रेक करतो, त्याचे व्हिडिओ बनवून टाकतो. जंगलात फिरता फिरता त्याला एक बंद पडलेला, मोडकळीला आलेला कॅम्प सापडतो. पाटी वाचतो, क्रिस्टल लेक, म्हणजे जेसनचाच कॅम्प. पुढचं तुम्हाला माहितीय. पण गंमत अशी की तासाभराच्या आतल्या या पिक्चरचा बराच वेळ दुसरं माणूसच नाही. तो, त्याचा कॅमेरा, झाडं, पडके केबिन. कोणी पार्टी करत नाहीये, कोणी कपडे काढत नाहीये, दहाबारा पोरापोरींचा ग्रुप आणून एकेकाला मारायची रांग लावलेली नाही. जेसन यायच्या आधीच तुमची फाटलेली असते, कारण तुम्ही बघत असता एकटा माणूस चुकीच्या जागी जाऊन बसलाय आणि त्याला माहीत नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात दर रविवारी सह्याद्रीत जी गर्दी असते आणि त्यातले निम्मे जण छातीला कॅमेरा लावून ‘सोलो ट्रेक’चे व्हिडिओ करत असतात, त्यांना हा पिक्चर जरा जास्तच लागेल. मी स्वतः एकटा जातो कधीकधी आणि हा बघितल्यापासून संध्याकाळी उतरताना मागं वळून बघतो, हसायचं तर हसा. व्हिडिओ ब्लॉगचा फॉर्म त्यांनी नुसती फॅशन म्हणून वापरलेला नाही, एकटा माणूस कॅमेऱ्याशी बोलतो तेव्हा त्याला बोलायला दुसरं कोणी नाही हे आपल्याला सारखं दिसत राहतं, म्हणून तो वापरलाय. आणि जेसन आल्यावर काइल मूर्खासारखा वागत नाही, हे तर मला सगळ्यात आवडलं. लढतो, पळतो, डोकं वापरतो. ओरिजिनल सिरीजमध्ये पाय अडकून पडणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे, तिला यानं फाटा दिला.

आणि मग शेवटी, म्हणजे आता सांगतोच, २०१७ चा पिक्चर आहे, स्पॉयलरची मुदत संपली, शेवटी अँब्युलन्समध्ये टॉमी जार्व्हिस! थॉम मॅथ्यूज स्वतः! १९८६ च्या सहाव्या भागात ज्यांनी टॉमीचा रोल केला होता आणि ज्यांच्या चुकीनं वीज पडून जेसन थडग्यातून उठला, तेच, तीस वर्षांनी, पांढऱ्या केसांनी. ज्यांना सहावा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी तो एक वयस्कर मदतनीस, ज्यांना माहितीय ते सोफ्यावरून उठून उभे. फॅन सर्व्हिस अशी असावी, न कळणाऱ्याचा पिक्चर अडत नाही आणि कळणाऱ्याला बोनस मिळतो.

यानंतर त्यांनी २०२० ला ‘नेव्हर हाईक इन द स्नो’ काढली, बर्फातला जेसन, तो आधी कधी कोणी धड दाखवलाच नव्हता, आणि त्यात सहाव्या भागातला डेप्युटी रिक कोलोन पण परत आणला, व्हिन्सेंट ग्वास्ताफेरो तेच ॲक्टर. २०२३ मध्ये ऑक्टोबरची तेरा तारीख परत शुक्रवारी आली तेव्हा ‘नेव्हर हाईक अलोन २’. तिन्हीत मला पहिलीच सगळ्यात आवडते. बर्फवालीचा फोटोग्राफी भाग सुंदर आहे, पांढऱ्यावर लाल म्हणजे काय ते बघावं, पण ती एका मोठ्या गोष्टीचा तुकडा वाटते. दुसऱ्या भागात टॉमी आणि जेसनचा हिशोब पूर्ण करायचा म्हणून बरंच काही कोंबलंय, आणि पहिल्यातली ती एकटेपणाची भीती तिथं फारशी उरत नाही.

इथंच मला या सगळ्या फॅन फिल्म प्रकाराबद्दलचं खरं म्हणणं सांगायचंय. फॅनला जे माहीत असतं ते सगळं तो पडद्यावर ओततो, आणि तिथंच घात होतो. ज्यानं बारा पिक्चर पाठ केलेत त्याला तिसऱ्या भागातली कुऱ्हाड पण पाहिजे, सातव्यातली साखळी पण पाहिजे, आईचं मुंडकं पण पाहिजे, आठव्याचा जोक पण पाहिजे. मग पाहुण्यांना एकाच ताटात अख्खं लग्नाचं जेवण वाढल्यासारखं होतं, कशाचीच चव लागत नाही. चांगल्या फॅन फिल्म्स त्या, ज्यांनी हात आखडता घेतला.

पण उलटं उदाहरणही देतो, म्हणजे नुसता एकाच बाजूनं बोलतोय असं नको. ‘व्हेंजन्स’ म्हणून २०१९ ची एक फॅन फिल्म आहे, ती चांगली लांबलचक आहे आणि हात आखडता वगैरे काही नाही, मारामारी रक्त सगळं भरभरून. तरी मला ती सोडवत नाही, एका गोष्टीमुळं. सहाव्या भागाच्या मूळ स्क्रिप्टमध्ये डायरेक्टर टॉम मॅकलॉफ्लिन यांनी शेवटी जेसनचा बाप एलायस याला आणलं होतं, थडग्यापाशी येतो असा सीन. तो शूटच झाला नाही. अख्ख्या ऑफिशियल सिरीजमध्ये एवढी वर्षं आईचं एवढं कौतुक आणि बापाचा पडद्यावर पत्ता नाही. ‘व्हेंजन्स’वाल्यांनी तो सुटलेला धागा बरोबर पकडला आणि एलायसचा रोल दिला कुणाला? सी. जे. ग्रॅहम यांना. म्हणजे सहाव्या भागात मास्क घालून जेसन झालेला माणूस आता जेसनचा बाप झाला. अशी कास्टिंग स्टुडिओच्या मीटिंगमध्ये कोणाला सुचली तरी मार्केटिंगवाला म्हणेल, ‘हे कळणार किती जणांना?’ आणि विषय संपेल. फॅनला तो प्रश्नच पडत नाही. ज्यांना कळेल त्यांच्यासाठीच तर बनवलंय.

बरं, हे सगळं चालतं कसं? कॅरेक्टर दुसऱ्याच्या मालकीचं, आणि तुम्ही बिनधास्त पिक्चर काढता?

कायद्यानं बघितलं तर फॅन फिल्म ही कायम मालकाच्या मर्जीवरच जगते. पैसे कमवायचे नाहीत, फुकट दाखवायची, हा नॉन-प्रॉफिटवाला मुद्दा सगळे पुढं करतात पण तो काही रामबाण नाही. ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी ‘ॲक्सानार’ नावाच्या फॅन फिल्मवर सरळ केस ठोकली होती, कारण तिनं क्राउडफंडिंगमधून दहा लाख डॉलरच्या वर गोळा केले होते. ते प्रकरण २०१७ ला मिटलं, पण त्याआधीच, २०१६ ला, सीबीएस आणि पॅरामाउंटनं नियम काढले, एक फिल्म १५ मिनिटांपेक्षा मोठी नको, दोन भाग मिळून ३० मिनिटं, गोळा केलेले पैसे ५० हजार डॉलरच्या आत. या नियमात बसवायचं तर ‘नेव्हर हाईक अलोन’ बनलीच नसती, जेसन यायच्या आधी टाइम संपला असता!

हॉररमध्ये तेवढा कडकपणा कोणी दाखवला नाही. आणि ‘फ्रायडे’च्या बाबतीत तर मालक कोण हाच प्रश्न होता. हा किस्सा जरा लांब आहे पण मजेदार आहे, सांगतोच.

पहिल्या पिक्चरचे डायरेक्टर-प्रोड्यूसर शॉन कनिंगहॅम, लेखक व्हिक्टर मिलर. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक सोय आहे, लेखकानं हक्क दुसऱ्याला दिले असतील तर ३५ वर्षांनी तो ते परत मागू शकतो, फक्त त्यानं ते काम पगारी नोकर म्हणून केलेलं नसावं. मिलर यांनी २०१६ मध्ये नोटीस पाठवली, स्क्रिप्ट माझी आहे, परत द्या. समोरच्या कंपनीचं म्हणणं, तुम्ही आमच्याकडं कामाला होता, स्क्रिप्ट कंपनीची. केस कोर्टात. सप्टेंबर २०१८ ला कनेटिकटच्या कोर्टानं निकाल दिला मिलर यांच्या बाजूनं, समोरचे अपीलमध्ये गेले, सप्टेंबर २०२१ ला वरच्या कोर्टानं तोच निकाल कायम केला. आता गोची अशी की मिलर यांच्याकडं आले ते अमेरिकेतले हक्क, ते पण १९८० च्या पहिल्या स्क्रिप्टचे. त्यात जेसन कोण? तळ्यात बुडालेलं एक लहान पोर. मोठा झालेला, हॉकी मास्क घातलेला, माचेटी, म्हणजे मोठा कोयता, घेऊन फिरणारा जेसन तर नंतरच्या भागांतला. म्हणजे एकाकडं कॅम्प आणि आई, दुसऱ्याकडं मास्क. दोघांनी मिळून सही केल्याशिवाय धड पिक्चर होत नाही. गावाकडच्या भाऊबंदकीच्या वावराची आठवण आली की नाही, सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि विहीर दुसऱ्याची.

त्याच्याही आधी वॉर्नर स्टुडिओनं २०१३ मध्ये या सिरीजचे हक्क पॅरामाउंटला पाच वर्षांसाठी दिले होते, कशाच्या बदल्यात, तर नोलनच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये भागीदारी मिळावी म्हणून! म्हणजे ब्लॅक होल दाखवायला जेसन गहाण पडला. आणि पॅरामाउंटनं पाच वर्षांत काय केलं ते वर सांगितलंच, तारखा.

या भांडणात सगळ्यात वाईट अवस्था झाली गेमची. मे २०१७ ला ‘फ्रायडे द थर्टीन्थ: द गेम’ आला, तो पण फॅन्सच्याच पैशातून, किकस्टार्टर या क्राउडफंडिंग साइटवरून उभा राहिलेला, एक जण जेसन होणार, बाकीचे पळणार. पिक्चरमध्ये जेसन झालेल्या केन हॉडर यांनी जेसनच्या हालचाली दिल्या, टॉमीला आवाज थॉम मॅथ्यूज यांचा. लोक वेड्यासारखे खेळत होते. जून २०१८ ला बनवणाऱ्यांनी जाहीर करून टाकलं की कोर्टकेसमुळं आता नवीन काहीही टाकता येणार नाही, ना नवा मॅप ना नवा जेसन. अर्धवट तयार झालेलं काम तसंच राहिलं. २०२३ संपताना गेम विकायचा पण बंद झाला.

म्हणजे २००९ नंतर दशकभर ऑफिशियल पिक्चर शून्य, गेम लटकलेला, वकील जोरात. आणि या सगळ्या काळात जेसन दिसत होता तो फक्त फॅन्सच्या पिक्चरमध्ये. यूट्यूबवर कमेंट वाचा, चौदापंधरा वर्षांची पोरं लिहितात की मी जेसन पहिल्यांदा इथं बघितला. त्यांच्यासाठी ओरिजिनल हेच. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, तसंही पॅरामाउंटनं आठ भाग काढले त्यातले सगळे काय मोठ्या प्रेमानं काढले होते? आठव्या भागाचं नाव ‘जेसन टेक्स मॅनहॅटन’ आणि पिक्चरचा बहुतेक वेळ जहाजावर, आणि न्यूयॉर्क म्हणून जे दाखवलं त्यातलं बरंचसं कॅनडातलं व्हँकुव्हर. लोकांनी तिकीट काढून मॅनहॅटन बघायला जावं आणि बोट बघून यावं.

आता मालकांनाही जाग आलीय. ‘जेसन युनिव्हर्स’ असं काहीतरी नाव देऊन सामान विकायला सुरुवात झालीय, पामेलावर सिरीज काढायची २०२२ मध्ये घोषणा झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनीच एक ऑफिशियल शॉर्ट फिल्म काढून यूट्यूबवर फुकट टाकली, ‘स्वीट रिव्हेंज’, तेरा मिनिटांची, एका सायडर, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, कंपनीच्या पैशातून. बघितली, ठीक आहे, स्वच्छ आहे, लाइटिंग भारी आहे. पण आठ वर्षांपूर्वी फॅन्सनी जे केलं तेच तुम्ही आता ड्रिंकची बाटली मध्ये ठेवून करताय याची गंमत वाटली. फॅन फिल्ममध्ये निदान कोणी बाटलीचं लेबल कॅमेऱ्याकडं वळवून धरत नाही.

मास्कवाल्यांबद्दल दोन ओळी, कारण त्यांच्याशिवाय हे जग अपुरं. फॅन फिल्म न बनवणारे पण मास्क बनवणारे अशी एक वेगळीच जमात आहे. दुकानातून लायसन्सवाला मायकल मायर्सचा मास्क घ्यायचा आणि तो परत घरी रंगवायचा, केस बदलायचे, कारण १९७८ च्या मास्कचा रंग असा पांढराफटक नव्हता, तसा नव्हता, असा होता. ‘रिहॉल’ म्हणतात त्याला. तासन् तास चर्चा चालते गालाच्या एका सावलीवर. बाहेरच्याला वेडेपणा वाटेल, पण फॅन फिल्ममध्ये मायकल अंधारात नुसता उभा राहिला तरी अंगावर काटा येतो तो या लोकांमुळं, आणि येत नाही तेव्हा मास्क स्वस्तातला असतो हे ओळखायला मला आता फार वेळ लागत नाही.

आणि आपल्याकडचं काय, हे विचारणार तुम्ही मला माहितीय. आपल्याकडं फॅन फिल्मची गरजच पडली नाही, आपण डायरेक्ट पिक्चरच काढला! रामसे बंधूंनी १९९४ मध्ये ‘महाकाल’ काढला, फ्रेडीचा पंजा, फ्रेडीची स्वप्नं, सगळं उचलून, वर जॉनी लिव्हर मायकल जॅक्सन बनून. तो मी प्रेमानं बघतो पण ती फॅन फिल्म नाही, तो धंदा होता, आणि हक्काबिक्काचा विषय कोणी काढला नाही.

पण ‘झपाटलेला’? १९९३. चकी नावाच्या खुनी बाहुल्याचा अमेरिकन पिक्चर ‘चाइल्ड्स प्ले’ येऊन पाचच वर्षं झाली होती. गुंडाला गोळी लागते, मरता मरता मंत्र म्हणून आत्मा बाहुल्यात टाकतो, आणि ज्याला पहिलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात शिरायचं, हे सगळं चकीचंच. पण महेश कोठारेंनी जे केलं त्याला मी नुसती कॉपी म्हणत नाही, कारण तात्या विंचू चकी नाहीये. चकीचा मंत्र वूडूचा, अमेरिकन पोरांना तो ऐकून काही होत नसेल. ‘ओम फट स्वाहा’ आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोरानं शाळेच्या मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलाय. रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, समोर लक्ष्या, आणि हसता हसता मधेच खरोखरची भीती. बाहेरची गोष्ट आणून ती अशी मुरवली की मूळ कुठलं हे विसरायला व्हावं, हे ‘महाकाल’ला जमलं नाही, ‘झपाटलेला’ला जमलं.

तर माझं एक कधीचं स्वप्न आहे, तात्या विंचूची फॅन फिल्म. कॉमेडी नाही, सिरीयस. रात्रीची वेळ, जुना वाडा, एकच माणूस, आणि कपाटावर बाहुला. ‘नेव्हर हाईक अलोन’सारखी, चाळीसपन्नास मिनिटांची, आणि पहिला अर्धा तास बाहुला हलणारच नाही. जेसनला नुसता मास्क पुरतो, इथं मात्र बाहुला हलवणारा हात पाहिजे आणि तो आवाज पाहिजे, म्हणून हे अवघड काम आहे, एआयचा आवाज लावून कोणी करणार असाल तर कृपया करू नका. मास्कमागं कोणीही चालतं, त्या आवाजामागं नाही. पण एखाद्या कॉलेजच्या एकांकिकावाल्या पोरांनी, ज्यांच्यात कोणी शब्दभ्रम शिकलेला असेल, मनावर घेतलं तर होऊ शकतं. मालकांना आधी विचारा, रीतसर परवानगी मागा, स्क्रिप्ट लिहायला मी येतो, लोकेशन म्हणून आमच्या मामाचा बंद पडलेला वाडा देतो. पैसे मात्र मला मागू नका.